दोन मिनिटांत बदललेली अक्षरं

चाकणच्या आमच्या कारखान्याला गुरुवारी सुट्टी. मशीनचे प्रोग्रॅम माझ्याकडे असतात. एका गुरुवारी मी एकटाच गेलो आणि काही जुनी ड्रॉइंग हवी होती म्हणून जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क काढून चालू कॉम्प्युटरला जोडली.

मशीनला प्रोग्रॅम डी ड्राइव्हवरून जातात. दुसरी डिस्क जोडली की ड्राइव्हची ही अक्षरं इकडची तिकडे होऊ शकतात, हे मला वीस वर्षांपासून माहीत आहे. झालंही तसंच. डी हे अक्षर जुन्या डिस्कला गेलं, आमचा खरा डी मात्र 'ई' होऊन बसला. फोल्डरची नावं दोन्हीकडे तीच, मीच ठेवलेली. मी बघितलं नाही. डिस्क तशीच आत ठेवून घरी जेवायला गेलो.

शुक्रवारी पहिल्या शिफ्टच्या ऑपरेटरने प्रोग्रॅम घेतला. नांदेडकडचा, कंत्राटी, कामाला अतिशय चोख. पहिला पीस त्याने नियमाप्रमाणे क्वालिटीत तपासायला नेऊन दिला. तिथून उत्तर आलं, "चालू ठेव, बघतो." बघितलं दुपारी. प्रत्येक पीसचं भोक अर्धा मिलिमीटर मोठं. सगळा माल भंगारात.

मॅनेजर मशीनपाशी येऊन ओरडला, "प्रोग्रॅममध्ये बोटं कुणी घातली?"

"म्या हात सुदिक लावला न्हाई, सर."

"मग माप काय भुताने बदललं? अक्कल गावाकडं ठेवून येता का रे?"

मी तिथंच उभा होतो. ते माप ऐकताक्षणी मला कळलं. जुनं माप. ड्रॉइंग बदललं तेव्हा मीच ते दुरुस्त केलं होतं, नव्या डिस्कवर. केबिनमध्ये गेलो, जुन्या डिस्कचं अक्षर काढलं, ईचा पुन्हा डी केला. दोन मिनिटं लागली. मग परत येऊन गर्दीत उभा राहिलो.

संध्याकाळी ऑपरेटरला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

सोमवारी मी मॅनेजरला सगळं सांगितलं. त्याने दार लावलं. "रिपोर्ट कस्टमरला गेलाय. ऑपरेटरची चूक लिहिलीये. आता कशाला राव? कंत्राटीच तर होता!" त्याच्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. क्वालिटीवाल्याचं नाव त्या रिपोर्टमध्ये नव्हतं. माझंही नव्हतं, आणि ते नाही याचं मला आत कुठंतरी बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची चीड अजून जात नाही.

मी कागदावर माझी चूक लिहिली, सही केली, एक प्रत त्याच्या कंत्राटदाराला दिली आणि दुसरी घेऊन ऑपरेटरच्या खोलीवर गेलो. तो दारातच उभा राहून वाचत होता. आत बायको सामान बांधत होती.

"तवा तुमाला म्हाईत होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"आन् मला शिव्या पडताना तुमी बगत होता."

"हो."

त्याने कागद नीट घडी करून खिशात घातला. "ह्यो लागंल मला दुसरीकडं," म्हणाला, आणि दार लावून घेतलं.