फळ्याकडं पाठ

सांगलीत नाथाजीला नाथाजी म्हणून कुणी ओळखत नाही. कॅन्सरच्या एका दवाखान्यामागं धर्मशाळा आहे, तिथं जाऊन फौजी कुठंय म्हणून विचारा, कुणीही स्वयंपाकघराकडं बोट करील. आत साठीचा एक माणूस, डोक्याला टॉवेल, गुडघ्याला काळा पट्टा, समोर साठ माणसांचा भात. तोच फौजी. बोलायला गेलात तर आधी कांदे सोलायला बसवील, मग बोलेल.

मूळचा कडेगावकडचा. घरी ऊस, तीन भाऊ उसात, हा एकटा फौजेत. पण तिथं ह्याच्या हातात बंदूक कमी आणि झारा जास्त. लांगरी, म्हणजे पलटणीचा आचारी, म्हणून लागला आणि लांगरी म्हणूनच सुटला. गावात कुणी विचारलं की फौजी, पाकिस्तान बघितलास का, तर म्हणायचा, "कांदं बघितलं, गड्या. लय कांदं बघितलं."

पेन्शन घेऊन घरी आला आणि दोन वर्षांत बायकोच्या, दीपमालाच्या, जिभेखाली गाठ निघाली. बाईनं कधी पान खाल्लं नाही. मिसरी तेवढी सकाळ-संध्याकाळ, सासू लावायची, नणंद लावायची, म्हणून ही पण. ह्याच धर्मशाळेत नवराबायको तीन महिने राहिले. विजेचा शेक घेऊन तिच्या तोंडात आतून सालपटं निघाली होती. नाथाजी मऊ भात करायचा, गाळून द्यायचा, आणि ती घास घेईना की फौजेतल्यासारखा ओरडायचा. "नखरं करू नगंस. खायचं म्हंजी खायचं." नशिबानं म्हणा, दुर्दैवानं म्हणा, बाई गरीब होती. उलट बोलली नाही. माघ लागायच्या आधी गेली.

तेराव्याला भावकीनं पंगतीची तयारी केली होती. नाथाजी म्हणाला, इथं ढेकर देणारी पोटं जेवायला घालण्यापेक्षा तिच्यासारखी तिथं पडलीत त्यांना घालतो. भावकी रुसली. हा शिधा घेऊन सांगलीला आला, तर धर्मशाळेचा आचारी पळालेला. त्या दिवशीचं जेवण ह्यानंच केलं, दुसऱ्या दिवशीचंही केलं. नऊ वर्षं झाली, अजून करतोय.

आता ही जी रीत नाथाजीनं धरली, ती काही त्याचीच नव्हे. आपल्याकडं हल्ली बरेच लोक धरतात. घरात कुणी गेलं की तेराव्याला नाहीतर वर्षश्राद्धाला अशा ठिकाणी एक दिवसाचं जेवण त्या माणसाच्या नावानं देतात. कुणी नातवाच्या वाढदिवसाला देतं. रीत चांगलीच आहे. गरीब रोग्याला फुकट चार घास मिळतात, गावाकडनं डबा यायची सोय नसते. पण देणाऱ्याचा जीव मेलेल्या माणसात अडकलेला असतो, खाणाऱ्याकडं त्याचं लक्ष नसतं. वडलांना जिलबी आवडायची म्हणून जिलबीच पाहिजे. आईच्या हातचा तांबडा रस्सा गावात नावाजलेला म्हणून तांबडा रस्साच पाहिजे. आता ज्याच्या तोंडात पाण्याचा घोटही मिरचीसारखा झोंबतोय, त्यानं रश्श्याचं करायचं काय? नाथाजी हात जोडून सांगायचा, भांडायचा, शेवटी जिलबी रोग्यांच्या सोबत्यांना वाटायचा आणि रोग्यांसाठी वेगळं पातेलं चढवायचा. ह्यात त्याची कंबर गेली. दर दिवशी एक मयत आणि दर मयताची एक आवड. माणूस थकणार नाही तर काय करील?

जेवणाच्या खोलीत समोरच्या भिंतीला फळा होता. त्यावर रोज कशाचं जेवण ते लिहायचं, बहुतेक वेळा 'आजचे अन्नदान, कै. अमुक यांच्या पुण्यस्मरणार्थ.' देणारे फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. संस्थेचे सेक्रेटरी जयराजदादा ह्या बाबतीत कडक. नाव चुकलं की त्यांच्या कपाळाला आठी. म्हणून नाथाजी स्वतः लिहायचा. अक्षर घोटीव, शाळेतल्या मास्तरासारखं. आणि वर्षातून एक दिवस, संक्रांतीनंतरच्या आठव्या दिवशी, तो रंगीत खडूनं लिहायचा. 'कै. सौ. दीपमाला.' घरी भावांनी तिचा फोटो माळ्यावर टाकला होता. तिचं नाव जगात कुठं दिसायचं तर ह्या फळ्यावर, तेही एक दिवस. त्याला एवढं पुरायचं.

गेल्या वर्षी पौषात दुष्काळी माण तालुक्यातनं एक जोडपं आलं. हरणाबाई आणि बिरदेव. मेंढरामागं हिंडणारी माणसं, चार एकर जिराईत, ती पण देवाच्या भरवशावर. बिरदेवच्या गालात रोग. ऑपरेशन झालं होतं, गालाला भोक पडल्यासारखी खोक, बोलता येत नव्हतं. आता शेक चालू होता, आणि गडी खाईना. नाकातनं नळी घालायची म्हटलं तर डॉक्टरचा हात धरायचा. डॉक्टरांनी हरणाबाईला नीट समजावून सांगितलं होतं की वजन आणखी दोन किलो उतरलं तर शेक थांबवावा लागेल, आणि आता थांबवला तर रोग परत उठेल. नाथाजीला हे तिनंच येऊन सांगितलं. रडली नाही. रडायला ताकद लागते.

नाथाजीनं मनावर घेतलं. मुगाचं कढण दिलं, रव्याची लापशी दिली, भाताची पेज दिली. मंगळवारी कुणाच्या नातवाचा वाढदिवस होता, त्या दिवशी बिरदेवनं अर्धी वाटी घेतली. नाथाजीला वाटलं, जमलं. बुधवारी वाटी तशीच परत. गुरुवारी तशीच. आणि शुक्रवार उजाडला, तो दीपमालाचा दिवस. फळ्यावर लाल-पिवळं नाव. नाथाजीनं तिला आवडणारी शेवयाची खीर केली, पातळ, गाळून, कोमट. सगळ्यांत आधी वाटी बिरदेवपुढं नेऊन ठेवली. बिरदेवनं वाटीकडं बघितलं, समोर भिंतीकडं बघितलं आणि तोंड फिरवलं.

फौजीचं डोकं फिरलं. आजच्या दिवशी तरी! त्यानं हरणाबाईला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं, आज माझ्या मालकिणीचा दीस, काय खोट हाय माझ्या हातात, एकदा सांगून टाका. हरणाबाई उभ्या उभ्या पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली,

"मेलेल्याच्या नावाचा घास आमच्या मालकास्नी नगं, दादा. मलाच नगं वाटतं. त्यांचा काय दोष न्हाई."

"आवं बाई, अन्नाला कुठं नाव आसतंय? भूक लागल्याली पोटं ती, त्यास्नी काय..."

"मग लिवता कशाला?"

तिनं काही टोचून विचारलं नव्हतं. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलं.  नाथाजी जेवणाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्यानं फळ्याकडं न बघता फळ्यासमोर बसलेल्यांकडं बघितलं. चाळीसेक माणसं. कुणाच्या गळ्याला पट्टी, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत. प्रत्येकाच्या मनात एकच धास्ती, आणि प्रत्येकाच्या तोंडासमोर, भिंतीवर, घोटीव अक्षरात कैलासवासी. ज्या दिवशी कैलासवासी लिहिलेलं असायचं त्या दिवशी उष्टं जास्त निघायचं. हे त्याला ठाऊक होतं. बादल्या तोच उचलायचा. त्याला वाटायचं, रोगच तसा, आज चव नसेल.

आणि मग त्याला दीपमाला आठवली. ती ह्याच खोलीत जेवायची, आणि कायम ह्या भिंतीकडं पाठ करून बसायची. तो म्हणायचा, सरळ बस की, पंख्याखाली बस. ती मान हलवायची आणि तशीच बसायची. खिडकीचं वारं लागतंय म्हणून बसत असंल, असं त्यानं धरलं होतं. चौथी शिकलेली बाई. वाचता येत होतं तिला. आणि तो तिच्यावर ओरडत होता. नखरं करू नगंस.

खरं काय होतं कुणास ठाऊक. विचारायला आता बाई नाही.  नाथाजीनं डोक्याचा टॉवेल सोडला, फळ्यापाशी गेला आणि बायकोचं नाव पुसलं. रंगीत खडू लवकर निघत नाही. दोनदा, तीनदा पुसावं लागलं. लोक बघत होते.

परत आला आणि हरणाबाईला म्हणाला, "घरी काय पीत हुता ह्यो गडी?"

"हुलग्याचं माडगं. बाकी कायच न्हाई. लहानपनापास्नं."

तिच्या पिशवीत हुलग्याच्या पिठाची पुरचुंडी होती. घरनं निघताना बांधून घेतलेली, आणि परक्याच्या चुलीवर कसं सांगायचं म्हणून महिनाभर तशीच राहिलेली. बघा आता. हा साठ माणसांचा स्वयंपाकी, आणि औषध सहा हातांवर पिशवीत बांधलेलं. ऊसपट्ट्यातल्या फौजीला माडगं कुठलं नीट येतंय? तिनं सांगितलं तसं त्यानं केलं. पीठ गार पाण्यात कालवायचं, गुठळी होऊ द्यायची नाही, उकळत्या पाण्यात सोडायचं, गूळ जरासाच. बिरदेवनं वाटी दोन्ही हातांनी धरली. रिकाम्या फळ्याकडं एकदा बघितलं. थेंब थेंब करत वाटी संपवली, आणि रिकामी वाटी पुढं केली.

त्याचा शेक पुरा झाला. वजन उतरायचं थांबलं. फाल्गुनात दोघं माणाला गेली.

इकडं जयराजदादांची आणि फौजीची जुंपली. दादा म्हणत होते, नाव दिसलं नाही तर लोक देणार नाहीत, आणि लोकांनी दिलं नाही तर तू शिजवणार काय? ते खोटंही नव्हतं. नाथाजीला भांडायचा कंटाळा आला होता. त्यानं फळा खांद्यावर घेतला आणि स्वयंपाकघरात, चुलीच्या मागच्या भिंतीला ठोकला. रोगी तिथं येत नाहीत. म्हणाला, ज्यास्नी फोटो काढायचाय त्यास्नी हितं यू द्या. काही आले. कांद्यानं झोंबलेले डोळे पुसत फोटो काढून गेले, आणि फोटोत सगळे रडल्यासारखे दिसले. काहींनी देणं बंद केलं. मग चार दिवस नुसती खिचडी आणि ताक. फौजीनं तेही निभावलं, पण त्या उन्हाळ्यात तो आणखी वाकला.

यंदा पौषात, संक्रांत होऊन गेल्यावर, दुपारच्या गाडीनं हरणाबाई आली. एकटी. कपाळ मोकळं होतं, त्यामुळं काही विचारायचं उरलं नाही. बरोबर दहिवडीहून एसटीच्या टपावर टाकून आणलेलं पोतं, हमालानं दारात टाकलं. हुलगं. घरच्या रानातलं, निवडून, पाखडून आणलेलं. रोग परत उठला होता, दिवाळीत बिरदेव गेला. तिनं दोन वाक्यांत सांगितलं आणि खाली बसली. नाथाजीनं पाणी दिलं.  इतकं करून शेवटी हेच. आठ-नऊ वर्षांत किती वाट्या भरल्या आणि त्यातले किती आज आहेत, हा हिशेब तो कधी करत नाही, पण त्या दिवशी त्याला वाटलं की झारा ठेवावा आणि कडेगावला जाऊन निजावं.

हरणाबाई म्हणाली, "आज त्यांच्या नावानं माडगं करा. समद्यास्नी."

मग तिला चुलीमागचा फळा दिसला. 

"दादा, तवा मी खोटं बोलले. मला कुठं वाचाय येतंय? मालकच वाचायचं. तालुक्याला सातवी झालीती त्यांची. बोलता येत न्हवतं, तर फळ्याकडं बोट करायचं आन् मग सोताच्या छातीला लावायचं. म्हंजी, फुडचं नाव माजं. त्यांची लाज नगं निघाया म्हनून मी माज्या अंगावर घेतलं."

नाथाजीनं चुलीचा जाळ बारीक केला.

"त्या दिशी तुमी पुसलंसा," ती म्हणाली, "तवा राती त्यांनी दोन बोटं दाखवली मला. दोन वाट्या पिलो म्हून. धा म्हैनं मिळालं दादा आमाला. लेकीचं लगीन बघितलं त्यांनी. अक्षता टाकल्या उभं ऱ्हाऊन."

फळ्यावर त्या दिवशी काही नव्हतं. नाथाजीनं खडू घेतला, आणि तिच्या नवऱ्याचं नाव त्याला ठाऊक असूनसुद्धा तिच्याकडं बघत थांबला. आयुष्यात तिनं नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला.

"बिरदेव लिवा," ती म्हणाली. "आन् तुमच्या मालकिणीचं पन लिवा. त्यांचा दीस आजच हाय न्हवं? मला याद हाय."

त्यानं दोन्ही नावं लिहिली, एकाखाली एक. पुढं कै. लिहिलं नाही. हरणाबाईनं पोत्याचं तोंड सोडलं आणि दोघं हुलगं भाजायला बसली.

तिसऱ्या प्रहरी नाथाजी पातेलं घेऊन जेवणाच्या खोलीत गेला. समोरची भिंत पांढरी, फळा काढलेल्या जागी चौकोनी डाग तेवढा. गळ्याला पट्टी बांधलेल्या एका म्हातारीनं वाटी पुढं करत खुणेनं विचारलं, आज कुणाकडनं?

नाथाजीनं मागं, दाराशी वाट्या घेऊन उभ्या असलेल्या हरणाबाईकडं हात केला.

"ह्या बाईकडनं," तो म्हणाला. "माणातनं आलीया. प्या, गरम हाय तवर."