सी तय्यबचा प्रोफाइल फोटो

अल्जीरियातल्या कॉन्स्टंटाइनच्या पोस्टात तय्यब बूशामानं, लोक मानानं म्हणत त्या 'सी तय्यब'नं, एकतीस वर्षं पत्रं निवडली. पाकिटावरच्या अक्षरावरून लिहिणाऱ्याचा स्वभाव सांगायचा, आणि बहुतेक वेळा वाईटच सांगायचा. निवृत्त झाल्यावर हा संशयी डोळा कुठं वापरावा असा प्रश्न होता. तो मकनीनवाल्यांच्या ऑनलाइन फोरमनं सोडवला.

मकनीन म्हणजे मुठीएवढा, लाल तोंडाचा, पंखांवर पिवळा पट्टा असलेला पक्षी. त्याच्या गाण्यापायी या शहरातली माणसं वेडी आहेत. फोरमवर चारेकशे जण होते. कुणीच आपला चेहरा लावत नसे. प्रोफाइल फोटोत ज्याचा त्याचा पक्षी. पक्षी विकताना दुसऱ्याच्या पक्ष्याचा फोटो लावून गिऱ्हाइकाला फसवणारे हुडकून काढायचे, हे देखरेखीचं काम सी तय्यबकडे होतं. स्वतःचा पक्षी मात्र त्यानं कधीच दाखवला नाही. त्याच्या टोपणनावापुढं कुलूप लावलेल्या दाराचा फोटो होता.

मार्चमध्ये एका सकाळी गॅलरीतला पिंजरा उघडा सापडला. पक्षी गायब.

"वाऱ्यानं उघडलं असेल दार," बायको झुलीखा म्हणाली.

"वाऱ्याला कडी काढता येते होय गं?"

मग त्यानं नळ दुरुस्त करून गेलेल्या माणसावर संशय घेतला, वरच्या मजल्यावरच्या बाईवर घेतला, दोन दिवस झुलीखाच्या भावावरही घेतला. तिनं तीन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं.

तीन आठवड्यांनी फोरमवर 'पुलावरचा' नावाचा नवा सभासद आला. त्याचा फोटो सी तय्यबनं मोठा करून पाहिला. लाल तोंडाला डावीकडं नखाएवढी खोक, आणि पायाला पोस्टाच्या सुतळीचा तुकडा बांधलेला. ती गाठ त्यानं स्वतः मारली होती.

त्यानं गोड शब्दांत निरोप पाठवला, 'पक्षी झकास आहे. कुठून आणलात?'

'घरचाच आहे,' उत्तर आलं.

'वय?'

'नक्की ठाऊक नाही.'

झालं! चोराला वय कुठून ठाऊक असणार? सी तय्यबनं तो फोटो सगळ्यांसमोर टाकला आणि खाली लिहिलं, 'हा माझा पक्षी. हा माणूस चोर आहे.' दुपारपर्यंत नव्वद जणांनी 'पुलावरचा'ला शिव्या घातल्या. त्यानं उलट एक अक्षर लिहिलं नाही. सी तय्यबला वाटलं, गप्प बसला म्हणजे कबूलच केलं.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे रव्याचं कुसकुस जेवायला मुलगी वसीला एकटीच आली.

"नदीर कुठाय?" त्यानं जावयाची चौकशी केली.

"येणार नाही तो. तुम्ही त्याला चोर म्हणालात."

"पुलावरचा... तो नदीर?"

"मागच्या ईदला तुमच्याच गॅलरीत मी फोनवर काढलेला फोटो आहे तो. त्याला पक्षी पाळायला शिकायचं होतं. तुम्हाला विचारायची भीती वाटते त्याला, म्हणून तिथं शिकायला गेला. तिथं पक्ष्याचाच फोटो लागतो, त्याच्याकडं हाच होता."

"मग नाव का लपवलं?"

"तुम्ही लावलंय का नाव? कुलूप लावून बसलाय!"

"आणि 'घरचाच आहे' कसं म्हणाला?"

"सासर त्याचं घर नाही का, बाबा?"

झुलीखानं त्याच्यापुढचं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी तो नदीरच्या गाद्यांच्या दुकानात गेला. माफी मागायची होती. तोंडातून निघालं भलतंच, "पक्षी गेला त्या दिवशी तू होतास कुठं?"

नदीरनं सुई खाली ठेवली. "आन्नाबाला. बसचं तिकीट दाखवू?"

"दाखव."

नदीरनं खरंच खण उपसून तिकीट काढलं. सी तय्यबनं चष्मा लावून तारीख वाचली. वाचून झाल्यावर त्याला वर बघवेना. "चुकलं माझं, पोरा," एवढंच कसंबसं म्हणाला. नदीरनं पुन्हा सुई हातात घेतली.

घरी येऊन त्यानं वसीलाला फोटो काढायला लावला. टोपी न घालता, भिंतीपुढं ताठ उभा, ओळखपत्रावर असतो तसा. फोरमवर पहिल्यांदाच कुणीतरी आपलं तोंड लावलं. खाली त्यानं पूर्ण नाव लिहिलं, आणि लिहिलं की आपण निरपराध माणसाला चोर ठरवलं, पक्षी कुणी नेला हे आपल्याला माहीत नाही.

पहिलं उत्तर तासाभरात आलं, 'हा फोटो तुमचाच, कशावरून?'

एकतीस वर्षांत असा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

पक्षी सापडला नाही. नदीर रमजान संपल्यावर जेवायला आला, नीट जेवला, सासूशी हसून बोलला. सी तय्यबनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं मात्र त्यानं तारीख-वारासकट उत्तर दिलं.