तू काय सोडलंस?

"मुलगी नाही."

एवढे दोनच शब्द, आणि तेही हसून. तो मुसलमान झाला हे ज्याला ज्याला कळायचं, तो पहिला प्रश्न हाच विचारायचा, मुलगी कोण? आपल्याकडे माणूस धर्म बदलतो तो एक तर प्रेमात पडून नाही तर डोकं फिरून. तिसरं कारण आपल्याला सुचतच नाही. तुम्हीही हेच विचारलं असतंत. मीही विचारलं होतं, वर शहाणपणा करून "फोटो तरी दाखव" असंही म्हटलं होतं.

खडकीला आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर तो आणि त्याचे आईवडील राहायचे. वडील दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. माझे वडीलही तिथलेच, म्हणून ते माझे काका, त्याचे दादा. हा पोरगा इंजिनिअर झाला आणि हिंजवडीला लागला. मी त्याच कंपनीत एचआरला होते. सकाळी कंपनीची बस पकडायला आम्ही बरोबर निघायचो. मी त्याच्याहून बरीच मोठी, त्यामुळे तो मला ताई म्हणायचा आणि खिडकीची जागा न मागता द्यायचा. एवढ्यावरच मी त्याच्यावर खूश होते.

बसमध्ये टेस्टिंगमधले एक गृहस्थ होते. त्यांना कोडमधली चूक कधी सापडली नाही, पण इतिहासातल्या सगळ्या सापडायच्या. एकदा ते सुरू झाले, की या देशातले सगळे मुसलमान तलवारीच्या धाकानं झाले. पुढच्या सीटवरचा म्हणाला, छे, सुफी संतांमुळे. तिसऱ्याचं म्हणणं, जातीला कंटाळून. बस वाकडच्या पुलाखाली अडकलेली, मग काय, इतिहासाला ऊतच आला. शेवटी त्या गृहस्थांनी मागे वळून याला विचारलं, "काय रे, तुझं कशानं झालं?"

"याच पुलाखाली," तो म्हणाला. "रोज इतका वेळ बस उभी असते. विचार करायला वेळ मिळाला."

सगळे हसले. तोही हसला. दाढी का नाही ठेवत विचारलं तर म्हणायचा, नीट येतच नाही हो. ऑफिसात नाव जुनंच होतं. म्हणायचा, धर्म बदलायला दोन साक्षीदार पुरले, नाव बदलायला वकील लागतो. त्याला चेष्टेचा राग यायचा नाही. चेष्टा झाली की उलट त्याला बरं वाटतंय असं मला वाटायचं, आणि ते तेव्हा विचित्र वाटायचं.

खरं कारण त्यानं मला एकदाच सांगितलं. ते घडलं त्याची आई हॉस्पिटलात होती तेव्हा. काकांचं घर बौद्ध. छप्पन साली नागपूरला काका आपल्या वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते, ते सगळे तिथं धम्मात आले. घरातले देव गेले, नवस गेले, अंगारे गेले. काकांनी पोराला वाढवलं ते प्रश्न विचारायला शिकवून. आणि आईला आत नेलं तेव्हा हा बाहेर बाकावर बसला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला मागायला कुणी नाही.

"दादांच्या धम्मात स्वतःच स्वतःचा दिवा व्हायचं असतं, ताई. मला नाही हो झेपलं. मला मागायचं होतं कुणाकडे तरी."

शेजारच्या बाकावर एक म्हातारा आपल्या बायकोसाठी दुवा मागत बसला होता. त्यानं न विचारता याच्या आईसाठीही मागितली. तिथून ते सुरू झालं. मग वाचन, मशिदीच्या पायरीपर्यंत जाऊन परत येणं, असं पुढची दोन-तीन वर्षं चाललं. आई तर त्याच आजारात गेली होती. मी विचारलं, मग मिळालं काय तुला? म्हणाला, मागता आलं.

बसमध्ये सगळ्यांना कळलं तरी काकांना सांगायला त्याला धीर होईना. सांगितलं तेव्हा मी तिथं नव्हते, पण त्यानं नंतर मला शब्द न् शब्द सांगितला. काका ओरडले नाहीत. ओरडणार कसे? ज्याच्या बापानं धर्म बदलला, तो मुलाला कुठल्या तोंडानं बदलू नको म्हणणार? चष्मा काढून त्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या बापानं सोडला तो अपमान होता. तू काय सोडलंस?"

आठवड्याभरात तो येरवड्याला भाड्याच्या खोलीत राहायला गेला. काकांनी जा म्हटलं नव्हतं. यालाच त्यांच्यासमोर जेवायला बसवेना. खोली मिळतानाही रामायण झालं. म्हणे, जुनं नाव सांगितलं तर आडनाव विचारतात, नवं सांगितलं तर जिनाच चढू देत नाहीत.

मग मी झाले पोस्टमन. तो दुसऱ्या बसनं यायचा आणि कॅन्टीनमध्ये मला गाठून विचारायचा, दादांचा खोकला कसा आहे? संध्याकाळी काका जिन्यात उभे. जेवतो का तो? रमजानात मी सांगून बसले की रोजे धरलेत. काका कठड्याला टेकले. म्हणाले, "दीक्षेनंतर माझ्या आईनं अठ्ठावीस उपास कायमचे सोडले तेव्हा गावानं तिला वेड्यात काढलं होतं. आणि हा धरतोय." मग खाली जाता जाता थांबून म्हणाले, त्याला पित्ताचा त्रास आहे, पहाटे नीट खायला सांग. मी सांगितलं. मी विचारलं, पश्चात्ताप होतो का रे? "धर्माचा नाही. दादांचा होतो."

आमच्या घरात कुणी कधी काही सोडलं नाही. आम्हाला टोचलंच नव्हतं काही. त्यामुळे या दोघांच्या मधे उभी राहून मी काय बोलणार, कप्पाळ.

काकांची फुप्फुसं निकामी होऊ लागली तेव्हा तो न बोलावता परत आला. ऑफिसातून रजा घेतली, त्यांचं अंग पुसलं, भात भरवला. काकांनी करू दिलं. संध्याकाळी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्तीही हाच लावायचा. एकदा मी पेज घेऊन गेले होते. काकांनी वंदना सुरू केली, "बुद्धं," आणि दम संपला. त्यांनी याच्याकडे पाहिलं. दोनच शब्द बाकी होते. मी मनात म्हटलं, म्हण रे बाबा, तुझा अल्ला काही रागावायचा नाही. त्याचे ओठ उघडले. आणि काकांनीच हात वर केला.

"नको. मनात नसेल तर म्हणू नकोस. मनात नसताना हात जोडायला लागायचे, म्हणून तर आम्ही बाहेर पडलो."

मग दम खात खात त्यांनी एकट्यांनीच पुरं केलं. हा आत जाऊन पेजेचं पातेलं घासत बसला. ते पातेलं अजून भरलेलं होतं, पेज सगळी मोरीत गेली.

काका त्याच महिन्यात गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी विहारात गर्दी होती, कारखान्यातले जुने लोक, अकोल्याहून आलेली त्याची आत्या. भंते एकेक ओळ म्हणत होते आणि सगळे मागून म्हणत होते. हा पहिल्या रांगेत, हात जोडलेले, ओठ घट्ट मिटलेले. सगळ्यांना दिसत होतं.

जेवणाच्या वेळी आत्यानं तोंड सोडलं. बापासाठी दोन शब्द नाही निंगाले याच्या तोंडातून, म्हणे, भावानं पोटाले चिमटा घेऊन शिकवला याले, अन् हा दगडावानी उभा. बायका माना डोलवत होत्या. मला राहवेना. काकांनीच त्याला नको म्हटलं होतं, हे ऐकणारी मी एकटी होते. मी उठले, तर यानं माझा हात धरला.

"राहू द्या, ताई."

"अरे, त्यांना खरं काय ते कळू दे की."

"बोलू द्या तिला. दादा एकदाही रागावले नाहीत हो. कुणीतरी रागवायला हवं ना माझ्यावर."

आणि तो आपलं ताट घेऊन आत्याच्या पुढ्यातच जाऊन बसला. ती बोलत राहिली, तो मान खाली घालून ऐकत राहिला. बोलून बोलून ती दमली, रडायला लागली, डोळे पुसून गप्प झाली. तरी तो उठला नाही.