सरांच्या नावाची कळशी

ही गोष्ट मी बाररूममध्ये किती वेळा सांगितली असेल, काही सांगता येत नाही. पण मी जिथं थांबायचो, तिथं ती संपत नव्हती. पुढचा भाग आजवर कुणाला सांगितलेला नाही — बायकोलाही नाही. तिला अंदाज असेलही; मी कधी विचारलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. दमलोय, एवढंच समजा.

मी मूळचा लोह्याचा. नांदेडला वकिली शिकलो, तिथंच एका ज्येष्ठ वकिलांच्या फायली उचलत काही वर्षं काढली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा वाटलं, नवा जिल्हा म्हणजे नवी कोर्टं, आणि नव्या कोर्टात जुने वकील कमी. बायको आणि लहान मुलगी घेऊन लातूरला आलो. दुकानांच्या पाट्यांवर अजून जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, कचेऱ्या भाड्याच्या घरात होत्या, आणि गावात पाणी नव्हतं. कलेक्टर आले, एस.पी. आले, पण नळ आठवड्यातून एकदा खोकायचा आणि गप्प बसायचा. त्या वर्षी पाऊस पडलाच नव्हता.

आमच्या गल्लीत पाणी होतं ते फक्त बसवंतअप्पांच्या बोअरला. अप्पांचं भुसाराचं दुकान. कपाळावर भस्म, आवाज मोठा, आणि अंगात खाज अशी की दुकान सांभाळून चार पानांचं साप्ताहिक काढायचे. पहाटे मोटार लावून त्यांच्या पत्नी, अक्का, हातात पाइप धरून अंगणात उभ्या राहायच्या आणि सगळ्या गल्लीची भांडी भरून द्यायच्या. त्या घराची एक रीत होती — पाणी दिल्याचं बोलून दाखवायचं नाही. कुणी आभार मानायला लागलं, की अक्का पाइप सरळ दुसऱ्याच्या घागरीत सोडायच्या. त्या रीतीचा मी पुढं किती वाईट उपयोग केला, तेच तर सांगायचंय.

त्या रांगेत मी असायचो. आणि कादरी सर असायचे — उदगीरचे, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, किडकिडीत, लुंगीवर इस्त्रीचा शर्ट. आम्ही रांगेत बोलायचो, काय बोलायचो ते आता आठवत नाही. माझ्या मुलीला ताप होता तेव्हा त्यांनी स्वतःची कळशी मागं सरकवून मला पुढं घेतलं होतं, हे मात्र आठवतं.

मग अप्पांनी छापलं, की मुरुडकडच्या वाड्यांना टँकरनं पाणी पुरवणारा ठेकेदार ठरवून दिलेल्या विहिरीवर जातच नाही; जवळच्या ओढ्याकाठची सडकी विहीर उपसतो आणि तेच लोकांना पाजतो. ठेकेदार चिडला. अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला घालायचा म्हणून वकील शोधत निघाला, आणि माझ्याकडे आला. मी नाही म्हणू शकलो असतो का? सहज. नव्या गावातला पहिला मोठा पक्षकार होता, मी हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खाली मान घालून रांगेत उभा राहिलो. अक्कांनी रोजच्यासारखी कळशी भरून दिली. अप्पा ओसरीवर दात घासत होते, तेही काही बोलले नाहीत.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. ठेकेदारानं मला म्हटलं होतं, वकीलसाहेब, तुमच्या दारात रोज टँकर उभा करतो, रांगेत कशाला उभं राहता? मी नको म्हणालो. तो समजला, माणूस तत्त्वाचा आहे. तत्त्व कसलं! ते पाणी कुठून येतं हे मला माहीत होतं. माझ्या मुलीला मी ते पाजणार नव्हतो.

अप्पांच्या बचावाची सगळी भिस्त कादरी सरांवर होती. त्या विहिरीचं आणि टँकरचं, दोन्ही पाणी त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासलं होतं. पाणी एकच, आणि ते पिण्यालायक नाही, असं ते शपथेवर सांगणार होते. तज्ज्ञ साक्षीदार उभा राहिला की समोरच्या वकिलाला दोन वाटा असतात — याला यातलं कळतं का, आणि हा कुणाचा माणूस आहे. मी पहिल्या वाटेनं गेलो. पाणी तपासायचं वेगळं शिक्षण घेतलंय का? नाही. सरकारी प्रयोगशाळेत काम केलंय? नाही. याआधी कुठल्या कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष दिलीय? नाही. एवढ्याबद्दल मला आजही काही वाटत नाही, ते माझं काम होतं. पण सर डगमगेनात. प्रत्येक ‘नाही’नंतर ते शांतपणे सांगायचे की या तपासण्या बी.एस्सी.ची पोरंसुद्धा करतात, साहेबांना पाहिजे तर त्यांच्यासमोर करून दाखवतो. मॅजिस्ट्रेट पेन खाली ठेवून ऐकायला लागले. केस हातातून चाललीय, हे मला कळलं.

मग मी विचारलं, तुमच्या घरी प्यायचं पाणी कुठून येतं?

अप्पांच्या बोअरवरून, सर म्हणाले. म्हणजे आरोपीच्या घरून? हो. रोज? रोज. फुकट? हो. म्हणजे या दुष्काळात तुमचं घर आरोपीच्या मेहेरबानीवर चालतं, असं म्हणायचं ना? मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.  सर नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी उगाच गळ्यातले पांढरे बँड सारखे केले — आदल्या दिवशी बायकोनं ते त्याच बोअरच्या पाण्यात धुतले होते.

“तुम्हीही तिथंच भरता, वकीलसाहेब” — एवढं जरी ते म्हणाले असते, तरी पुरे होतं. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. अप्पांचे वकील बाहेरगावचे. त्यांनी गोंधळून मागं वळून अप्पांकडे पाहिलं. आरोपीच्या पिंजऱ्यातून अप्पांनी नुसती मान हलवली. नको. झालं, संपलं.

बाररूममध्ये मी इथं थांबतो. मी तिथंच भरायचो, हे वगळूनच सांगतो, हेही तुमच्या लक्षात आलं असेल. ऐकणारे ज्युनिअर म्हणतात, साहेब, काय धाडसाचा प्रश्न हो! धाडस? माझा प्रश्न माझ्यावरच उलटला असता, पण उलटणार नाही याची मला पक्की खात्री होती. पाणी दिल्याचं ते घर बोलून दाखवणार नाही. आणि त्या घरचं पाणी पिणारा कादरींसारखा माणूस, अप्पा गप्प असताना, आपण होऊन तोंड उघडणार नाही. त्यांच्या चांगुलपणाच्या भरवशावर मी त्यांना बुडवलं. पण हेही ते नव्हे, जे सांगायला बसलोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे सर रांगेत आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. माझं भरून झालं तेव्हा अक्कांनी घरातून एक पितळी कळशी आणली, काठोकाठ भरली आणि माझ्यापुढं ठेवली.

“सर लाजले वाटतं. तुमी त्यांच्या दारावरूनच जाता की. एवढी देऊन या. अप्पांनी धाडलीय म्हणावं.”

त्यांनी मला का सांगितलं असेल? मी लाजावं म्हणून? नाही हो. तेवढा आडवा विचार त्या बाईंच्या मनात येत नव्हता. मी त्या बाजूला राहत होतो, म्हणून सांगितलं.

मी कळशी घेऊन निघालो. सरांच्या दाराला हिरवा पडदा होता. कोपऱ्यावर थांबलो. आत भांड्यांचा आवाज येत होता. काय म्हणणार होतो मी? सर, ज्या पाण्यावरून काल तुमचं हसं केलं, तेच घेऊन आलोय? उद्या देऊ, असं मनाशी म्हणालो आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, ही कुणाची? म्हणालो, अक्कांनी जास्तीचं दिलंय. तिनं ते रांजणात ओतलं.

दुसऱ्या दिवशी रिकामी कळशी परत नेली. अक्कांनी विचारलं, “घेतलं का सरांनी?” मी म्हणालो, घेतलं. त्यांचा चेहरा असा खुलला, की मला पुढं काही बोलता आलं नाही. त्यांनी कळशी पुन्हा भरली. पाऊस पडेपर्यंत रोज हेच. कादरी सरांच्या नावाची कळशी रोज माझ्या घरात रिकामी झाली. आम्ही ते प्यायलो. माझ्या बैठकीच्या खिडकीला वाळ्याचा पडदा होता, पक्षकारांना गार वाटावं म्हणून त्याच्यावर शिंपडलं. आणि भर उन्हात, सायकलला दोन्ही बाजूंनी डबे बांधून स्टेशनकडच्या टाकीवरून पाणी आणताना सर मला अनेकदा दिसले. मी रस्ता बदलायचो.

निकालात मॅजिस्ट्रेटनी लिहिलं, की हा साक्षीदार स्वतंत्र मानता येत नाही. अप्पांना कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड झाला. साप्ताहिक बंद पडलं. टँकर त्याच विहिरीवर भरत राहिले.

पुढच्याच वर्षी सरांनी किनवटच्या कॉलेजात नोकरी धरली. मी नांदेडच्या गाडीसाठी एस.टी. स्टँडवर उभा होतो, तिथं ते बिऱ्हाडासह भेटले. टाळले नाहीत, उलट जवळ आले.

“अप्पांच्या घरून नंतर कोणी विचारलं नाही हो, वकीलसाहेब,” ते म्हणाले. “बरोबरच हाय त्यांचं. माझ्यापायी शिक्षा झाली त्यांना.”

अजून वेळ होती. अप्पा घरी होते, घर चालत जायच्या अंतरावर होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला.

मी म्हणालो, “सर, गाडी लागली. जागा धरून घ्या.”

अप्पा वारले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “सगळं गेलं त्या खटल्यात. पर सरांनी आमचं पाणी टाकलं न्हाई, तेवढ्याचं यांना लई समाधान हुतं बगा.”

मी हो म्हणालो.