शंभूरावांचं नाक

दत्तोजीरावांना डाग सहन होत नसे. घराणं रंगाऱ्यांचं, वाडवडिलांनी कापडाला रंग चढवला आणि यांनी इकडे कानडी मुलखात, नजरबाद मोहल्ल्यात लाँड्री काढून तो जपला. गंजाचा डाग लिंबानं जातो, हळदीचा उन्हात जातो, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा शेजारच्याला सांगत. लाँड्री मुलाकडे गेली तशी त्यांच्या हाताला खाज सुटली. त्यांची नजर पडली समाजाच्या हॉलपुढच्या संगमरवरी पुतळ्यावर.

पुतळा हॉल बांधणाऱ्या शंभूरावांचा, छातीपर्यंतचा. करारी मुद्रा, भरघोस मिशा, आणि आधी दिसायचं ते नाक. त्यावर कबुतरांचा फार जीव. पुण्यतिथी जवळ आली होती. दत्तोजीराव लिंबं घेऊन गेले. थोडं उजळलं, पण मनासारखं नाही. मग त्यांनी बाथरूमचं ॲसिड आणलं आणि शंभूरावांना डोक्यावरून आंघोळ घातली.

पुतळा फसफसला. दत्तोजीरावांना गहिवरून आलं. ‘‘बघ, कसा मळ उकळतोय!’’ ते बायकोला म्हणाले. उरलेलं त्यांनी खालच्या पितळी पाटीवर ओतलं. ती क्षणभर चकाकली आणि तांबूस पडली. ओघळ लोखंडी कठड्यावर गेला, तिथं गंजाची नक्षी उमटली.

जमुनाबाई पुतळ्याकडे बघत राहिल्या. ‘‘अहो, नाक कुठंय?’’

‘‘कुठलं नाक?’’

‘‘अय्यो, त्यांचं!’’

नाकाच्या जागी बोराएवढा गुळगुळीत उंचवटा उरला होता.

जयलक्ष्मीपुरममधल्या ऋचाला फोन गेला. ती मूळची नाशिकची, इथं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. ती स्कूटरवरून आली आणि आधी ओरडली, ‘‘पाणी ओता! भरपूर! मग सोड्याचं पाणी!’’ फसफस थांबल्यावर तिनं समजावलं, ‘‘काका, संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊ. ॲसिड पडलं की दगडच विरघळतो आणि त्यातून वायू निघतो. तो मळ उकळत नव्हता, नाक उकळत होतं.’’

‘‘तरीच एवढं पांढरं निघालं,’’ दत्तोजीराव हळूच म्हणाले आणि पायरीवर बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. माणूस मेल्यावरही आपण त्याला इजा करू शकतो, हे त्यांच्या फार मनाला लागलं.

पुण्यतिथीला शंभूरावांचे नातू शिवाजीराव हार घेऊन आले. कमिटीतले सगळे जमिनीकडे बघत उभे. शिवाजीरावांनी पुतळा न्याहाळला आणि त्यांचे डोळे भरले.

‘‘आज्जा! अगदी असेच होते हो! ते पोपटासारखं नाक शिल्पकारानं मनानं लावलं होतं. आम्ही किती भांडलो!’’ त्यांनी दत्तोजीरावांना मिठी मारली. मग कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘‘आता एवढ्या मिशा काढा. आज्जांना मिशा नव्हत्या.’’

कमिटीनं तिथंच हात वर करून मंजुरी दिली. कोणीतरी ॲसिडची बाटलीही आणली. ‘‘इष्टे ना, थोडंसंच!’’

दत्तोजीराव पुतळ्याला पाठ लावून उभे राहिले. ‘‘बेडा! नको म्हणतो ना! मिशांबरोबर ओठ गेला तर? मग बोलणार कसे?’’

‘‘आत्ता कुठं बोलतात?’’ शिवाजीरावांनी विचारलं. पण दत्तोजीराव पुतळ्यापुढून हलेनात, म्हणून ठराव बारगळला.

पण दत्तोजीरावांची धास्ती गेली नाही. त्यांनी ऋचाला खोदून विचारलं. ती म्हणाली, कबुतरांची घाण आंबटच. आणि गाड्यांचा, कारखान्यांचा धूर हवेत मिसळला की पाऊससुद्धा किंचित आंबट होतो, वर्षानुवर्षं दगड चाटत राहतो.

‘‘म्हणजे आभाळातूनही ॲसिड?’’ ते उठले आणि थेट शिंप्याकडे गेले. शिंप्यानं माप मागितलं. दत्तोजीरावांनी शंभूरावांच्या छातीचं आणि गळ्याचं माप घेतलं, बगलेचं मात्र घेता आलं नाही, कारण हात नव्हतेच.

आता शंभूराव टोपीवाला निळा रेनकोट घालून उभे असतात. उन्हाळ्यातही, कारण दत्तोजीरावांचा हवामान खात्यावर भरवसा नाही. पुढच्या पुण्यतिथीला शिवाजीरावांनी रेनकोटालाच हार घातला आणि आज्जांच्या साधेपणावर लांबलचक भाषण केलं. टोपीखाली तोंड झाकलेलंच होतं, त्यामुळे मिशांचा विषय निघाला नाही. दत्तोजीराव पहिल्या रांगेत बसले होते आणि भाषण संपायच्या आतच निर्धास्तपणे डुलक्या घेऊ लागले होते.