भिंगरीची वेणी

हेडमास्तरीण कुठल्या शाळेवर नव्हती. ती घरोघर जायची. ज्या घरातली मुलं उचलून दुसरीकडे ठेवायची वेळ आलेली असते, त्या घरात जाऊन आईला हाताशी धरायचं, घर मार्गी लावायचं आणि मुलं आईपाशीच सुखरूप राहतील असं बघायचं, ही तिची नोकरी. आवाज असा खणखणीत, की तिसऱ्या मजल्यावर ती बोलली तर तळमजल्यावरचा माणूस शर्टाची बटणं लावून उभा राहील. म्हणून बालकल्याणाच्या ऑफिसात सगळे तिला मागून हेडमास्तरीण म्हणत आणि तोंडावर ताई. तिला दोन्ही ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, पहिलंच जास्त आवडायचं.

कामाची रीत ठरलेली. आधी मी करते, तू बघ. मग दोघी मिळून करू. मग तू कर, मी बघते. आणि शेवटी मी दाराबाहेर जिन्यात बसणार, आत काय वाट्टेल ते होवो, हाक मारल्याशिवाय यायची नाही. एकेक काम असं आईच्या हातात सोपवत जायचं, आणि सगळं सोपवून झालं की आपण उठायचं. ऑफिसातल्या नव्या पोरींना ती बजावायची, "आपण पाहुण्या आहोत. पाहुणीनं दुसऱ्याच्या शेगडीवर मालकी सांगायची नाही!" अशी ही बाई, आणि तिचीच गाडी रुळावरून घसरली. तीसुद्धा एका चार वर्षांच्या पोरीच्या केसांवरून.

त्या पोरीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालायची कमी आणि गोल फिरायची जास्त. धाकटा भाऊ अजून रांगत होता. बाप तो जन्मायच्या आधीच निघून गेलेला. आई बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची, पाव पिशव्यांत भरायला. मुलं झोपलेली असताना बाहेरून कुलूप लावायचं आणि उजाडल्यावर धावतपळत परत यायचं. करणार काय बिचारी? ठेवणार कोणाकडे? एका पहाटे बाळ रडायला लागलं, म्हणून भिंगरी स्टुलावर चढली, गॅस पेटवला आणि दुधाचं पातेलं ठेवलं. दूध उतू गेलं, शेजारचं फडकं पेटलं. खालच्या म्हाताऱ्याला जळका वास आला, त्यानं कुलूप तोडलं, म्हणून थोडक्यात निभावलं.

त्यानंतर ऑफिसातल्या मॅडमनी आईला समोर बसवून सांगितलं. बेकरीतली पाळी दिवसाची करून घ्या, तेवढा वेळ मुलांना पाळणाघरात ठेवा. ताई एक दिवसाआड सकाळी येतील. घर सुधारलं तर मुलं इथेच राहतील. नाही सुधारलं तर दोघांना दोन वेगळ्या घरी ठेवावं लागेल, कारण दोघांना एकत्र घेणारं घर सध्या नाही. आई नुसती मान हलवत राहिली.

हेडमास्तरीण पहिल्यांदा गेली तेव्हा आई पलंगाच्या कडेवर बसून भिंतीवरच्या ओलीकडे बघत होती. भांडी तशीच पडलेली, बाळाची लंगोटी भिजलेली. आणि भिंगरीच्या केसांच्या तर नुसत्या गाठी झालेल्या! हेडमास्तरणीनं आधी बाळाचं आटपलं, मग भिंगरीला गुडघ्यांत धरून बसली आणि केस खालच्या टोकापासून बोटांनी मोकळे करायला लागली. पोर आधी वळवळली, मग गप्प झाली, आणि शेवटी तिच्या मांडीवर डोकं टाकून चक्क झोपून गेली. घट्ट, सरळ, चापूनचोपून वेणी झाली.

आता हेडमास्तरणीच्या घरचं सांगायचं तर नवरा शिंपी. बायकोपेक्षा कात्रीशी जास्त बोलणारा. एकुलता एक मुलगा लग्न करून लांब गेलेला, फोनवर "बरं आहे ना? ठेवू?" एवढंच बोलायचा. मुलगी नव्हती. कधी बोलून दाखवलं नाही तिनं, पण दुकानात झालरीचे फ्रॉक दिसले की मान दुसरीकडे वळवायची.

कामं सोपवत गेली ती. दूध गरम करणं सोपवलं, आंघोळी सोपवल्या, बाळाला दवाखान्यात नेणं, भिंगरीला बालवाडीत सोडणं, सगळं सोपवलं. वेणी तेवढी ठेवली. आईनं एकदा कंगवा हातात घेतला, तर ही म्हणाली, "राहू दे गं, तुझ्या हाताला अजून वळण नाही. हे मी बघते." आईनं मुकाट्यानं कंगवा खाली ठेवला.

आणि आई सुधारायला लागली. पलंगाची कडा सुटली. दिवसाच्या पाळीनं डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली. एका सकाळी हेडमास्तरीण दारात पोचली, तर आतून हसण्याचा आवाज. आई पलंगाखाली लपलेली, बाळ तिचा पाय ओढतंय आणि भिंगरी टाळ्या पिटत ओरडतेय, "आई सापडली! आई सापडली!" हेडमास्तरीण दारात उभी होती. तिच्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

याचसाठी तर पगार मिळतो ना? आनंद व्हायला हवा होता. पण छे! तिच्या पोटात असं दुखायला लागलं, की तिचं तिलाच कळेना. काय केलंय हिनं? पोरांना कुलपात कोंडून जाणारी ही, आणि आता नुसती पलंगाखाली शिरली तर लगेच आई सापडली! गुडघे मोडून गाठी सोडवल्या कोणी? लंगोट्या धुतल्या कोणी? त्या दिवशी तिनं बाळाच्या दुधाच्या बाटलीला उगीचच नावं ठेवली, "नीट उकळली नाहीस." बाटली चांगली लख्ख होती. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावरच खेकसली. तो बिचारा परत कात्रीकडे वळला.

पुढच्या खेपेला बघते तो काय, भिंगरीच्या डोक्यावर वेणी! वाकडी, सैल, एका बाजूला झुकलेली. आईनं घातलेली. भिंगरी अभिमानानं मान हलवून दाखवत होती. हेडमास्तरणीच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे काय शेपूट लावलंय? ये इकडे," म्हणत तिनं पोरीला ओढलं, वेणी सोडली आणि नव्यानं घातली. घट्ट. आई शेगडीपाशी पाठ करून उभी राहिली, वळली नाही. भिंगरीनं आरशात बघितलं आणि म्हणाली, "काकूची छान आहे. आईची शेपूट आहे."

कसं वाटलं असेल हेडमास्तरणीला? गोड वाटलं. जिना उतरताना ती गुणगुणत होती, आता बोला!

तेव्हापासून भिंगरी आईला केसांना हात लावू देईना. "काकूच घालणार!" म्हणून भोकाड पसरायची. काकू एक दिवसाआड यायची. मधल्या दिवशी पोर विस्कटलेल्या डोक्यानं बालवाडीत जायची. बालवाडीच्या शिक्षिकेला काय माहीत आतली गोष्ट? तिनं पाहिलं ते ऑफिसात कळवलं.

मॅडमनी हेडमास्तरणीला बोलावून घेतलं. "ताई, एक दिवस पोर नीटनेटकी, दुसऱ्या दिवशी नुसता अवतार. तुम्ही जाता त्या दिवशी ती बाई सगळं करते आणि तुमची पाठ वळली की सोडून देते. असंच ना? मग तुम्ही कायमच्या निघालात की काय होईल? उद्या मी स्वतः येते. मला पटलं नाही, तर मुलं हलवावी लागतील."

इथं तोंड उघडायला हवं होतं. पण एरवी तोफखाना असलेली ही बाई गप्प बसली. कारण तिच्या मनात काय आलं माहितीये? जाऊ दे, पोर माझी नाही होणार तर तिचीही नको. क्षणभरच आलं, पण आलं, आणि ते बरोबरच आहे असंही वाटलं. मग तिला स्वतःचीच किळस आली. रस्त्यात एका दुकानाच्या पायरीवर ती बराच वेळ पिशवी पोटाशी धरून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती लवकरच पोचली. आईला म्हणाली, "आज मॅडम येणार आहेत. वेणी तू घालायची."

"तुम्हीच घाला की," आई म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "तुमचीच लागते तिला. माझी सोडून टाकलीत ना माझ्यासमोर? मी तिची आई आहे, आणि माझ्या पोरीचे केस विंचरायला मी तुमची वाट बघत बसायचं?"

"मी जळत होते तुझ्यावर," हेडमास्तरीण म्हणाली. "झालं समाधान? घे कंगवा."

आईनं कंगवा हातात घेतला. तेवढ्यात भिंगरी रबर घेऊन नेहमीसारखी काकूच्या गुडघ्यांत येऊन बसली. हेडमास्तरणीनं तिला उठवलं. "मला नाही येत गं आता. विसरले मी."

"खोटं!"

"खरंच. बघ." तिनं केस हातात घेतले आणि मुद्दाम असा काही गुंता केला, की भिंगरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती उठली, बाहेर जिन्यात जाऊन बसली आणि दार ओढून घेतलं.

आतून किंकाळ्या सुरू झाल्या. "काकू! काकू ये!" पोर दारावर लाथा मारत होती. हेडमास्तरणीनं जिन्याचा कठडा धरून ठेवला. आणि नेमक्या तेव्हाच मॅडम वर आल्या. "काय चाललंय आत? सरका," म्हणत त्या दाराकडे निघाल्या.

हेडमास्तरीण दारात आडवी उभी राहिली. "आत जायचं नाही. मधल्या दिवशीचा अवतार माझ्यामुळे होता. वेणीचं काम मी सोपवलंच नाही. आईनं घातली, तर मी सोडली. पोरीला माझी सवय लावली. आईची काही चूक नाही."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "ताई, तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ या घरी आता तुम्ही नाही? उद्यापासून दुसरं कोणीतरी येईल."

"कळतंय. पण आता पाच मिनिटं थांबा."

दोघी थांबल्या. आतला आवाज रडका झाला, मग हुंदके, मग आईचं काहीतरी हळू बोलणं, आणि मग बाळाचं खिदळणं. बऱ्याच वेळानं दार उघडलं. भिंगरी बाहेर आली. नाक लाल, डोळे सुजलेले, आणि खांद्यावर वाकडी, सैल वेणी.

मॅडम खाली वाकल्या. "अरे वा! कोणी घातली ही?"

"आईनं."

"आणि काकू नाही घालत?"

भिंगरीनं हेडमास्तरणीकडे वर पाहिलं आणि तिची बाजू सावरून घ्यावी तसं मॅडमना समजावून सांगितलं, "काकूला नाही येत. आईला येते."

"हो ना," हेडमास्तरीण म्हणाली. "मला कुठं येतं."