आजारपण घरी कसं सांभाळतात, ते बघायला दिल्लीला

लोक दिल्लीला लाल किल्ला बघायला जातात. मी दुसऱ्यांच्या घरातलं आजारपण बघायला गेले. बाबांचा कॅन्सर आता बरा होणार नाही, असं पुण्यातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. उरलेले दिवस हॉस्पिटलात काढायचे की घरी, यावरून मी आणि दादा पंधरा दिवस भांडत होतो. मी म्हणत होते, घरी. दादा म्हणाला, "तुला इंजेक्शन बघून चक्कर येते. तू काय सांभाळणार?" ते खरं होतं, म्हणून जास्तच राग आला. माझी मावसबहीण सुमेधाताई दिल्लीत नर्स आहे. बरे न होणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी करायला ती एका संस्थेतर्फे घरोघरी जाते. तिने फोनवर विषयच संपवला. "दोन दिवस ये. आधी बघ, मग भांड."

जाणार असाल तर सकाळचं विमान घ्या. एअरपोर्ट मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन, पुढे दोनदा मेट्रो बदलून मयूर विहार. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. फेब्रुवारीत स्वेटर हवाच, दुपारी तो हातात घेऊन फिरावं लागतं. ताईच्या सोसायटीबाहेरच्या गाडीवरचे छोले-कुलचे मी दोन्ही दिवस खाल्ले.

दुसऱ्या दिवशी ताईबरोबर निघाले. तिच्या गाडीवर संस्थेचं नाव कुठेच नव्हतं. का, म्हणून विचारलं.

"शेजारी विचारत बसतात ना यार, कोण आजारी, काय झालंय. घरच्यांनी किती जणांना उत्तरं द्यायची?"

पहिलं घर दातारकाकांचं. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला. मी आलेली चालेल का, हे ताईने आधीच विचारलं होतं. पुण्याची पाहुणी म्हणून काका खूश. ताईने आधी पाणी घेतलं, गप्पा मारल्या, मग विचारलं, "काका, शून्य ते दहात दुखणं किती?"

"चार."

काकूंनी वही दाखवली. तीन आठवडे रोज चार.

"अच्छा. स्वेटर घाला ना काका, बाल्कनीत बसू," ताई म्हणाली. काकांचा हात अर्ध्यावर थांबला आणि चेहरा पांढरा पडला. ताईने बाही चढवली. काकू चहाला आत गेल्यावर काका हळूच म्हणाले, "पाच म्हटलं की ही बंगलोरला मुलाला फोन लावते. तीन म्हटलं तर तुम्ही गोळ्या कमी कराल. चार बिल्कुल ठीक पडतं."

सरकारी फाइल जागची हलू नये, असा आकडा! मला हसूच आलं.

"काकूंना सांगू?" ताईने विचारलं. काकांनी खालच्या पार्किंगकडे बघितलं. मग म्हणाले, "सांग."

काकू रडल्या नाहीत, भडकल्या. "मुलाला फोन काय तुमच्या पाचासाठी करते? मला बोलायला कुणी नसतं, म्हणून करते!" काका गोंधळून त्यांच्याकडे बघत होते. ताईने डॉक्टरांना फोन करून गोळ्यांचा डोस वाढवून घेतला आणि काकूंना म्हणाली, "आता पंधरा मिनिटं मी तुमच्यासाठी आलेय."

परतताना मी उत्साहात होते. इंजेक्शनं फारशी नसतात, कुशीवर वळवणं, अंग पुसणं, वेळेवर गोळ्या, हे मला जमेल. ताईने फक्त एवढंच विचारलं, "आणि तुझे बाबा काय म्हणतात?"

बाबांना आम्ही विचारलंच नव्हतं. मला फार लाज वाटली.

पुण्यात पोचल्यावर दादाला बोलावलं आणि त्याच्यासमोरच बाबांना विचारलं.

"घरीच," बाबा म्हणाले. मग आईकडे बघून, "पण आधी हिला विचारा."

पंधरा दिवस आई आम्हाला चहा देत आमची भांडणं ऐकत होती. दिल्लीहून मी औषधांची, उशांची, पलंगाची यादी आणली होती. तिच्यात आई कुठेच नव्हती.

"मला एकटीला जमणार नाही," आई म्हणाली. हे वाक्य मी तिच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

दादाने खुर्ची ओढली आणि विचारलं, "आठवड्यातले माझे वार कुठले?"